अणूंना रंग देणारे हुकूम

अणूला स्वतःचा रंग नसतो. दृश्य प्रकाशाच्या लहरीहून तो हजारो पटींनी सूक्ष्म. संगणकाच्या पडद्यावर प्राणवायू तांबडा, नत्र निळा आणि गंधक पिवळा दिसतो तो निव्वळ रसायनशास्त्रज्ञांच्या जुन्या शिरस्त्याने. परंतु हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाचे हजारो अणू त्याच शिरस्त्याने रंगवले, तर जे पाहावयाचे तेच नेमके हरवते. म्हणून कोणते अणू निवडावेत आणि त्यांना कोणता रंग द्यावा, याचे हुकूम अभ्यासक लेखी देतो.

विदर्भात आणि नंदुरबारकडे कित्येक घरांना परिचित असलेल्या सिकलसेल व्याधीचेच उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. ह्या हिमोग्लोबिनची रचना प्रोटीन डेटा बँकेच्या दप्तरी '२एचबीएस' ह्या क्रमांकाने दाखल आहे. तीत दोन रेणू शेजारी असून एकूण आठ साखळ्यांपैकी बी, डी, एफ आणि एच ह्या बीटा. वॉरन डिलानो यांनी रचलेल्या 'पायमॉल' ह्या रेणू-चित्रणाच्या संगणकीय आज्ञावलीला 'कलर रेड, चेन बी+डी+एफ+एच अँड रेसी ६' असे फर्मावले की, तालुका, मौजे, गट क्रमांक अशा उतरत्या क्रमाने जमीन हुडकावी तसे ते चार व्हॅलिन हुडकून तांबडे करते.

नवशिक्याची फसगत येथेच होते. 'बी आणि डी साखळ्या निवड' असे आपण सहज म्हणतो. परंतु यंत्राच्या लेखी 'आणि' म्हणजे एकाच अणूने दोन्ही अटी पुऱ्या करणे, आणि कोणताही अणू दोन साखळ्यांत नसल्याने हाती शून्य येते. तेथे 'किंवा' अथवा वरच्या हुकमातल्यासारखे '+' लिहावे लागते. शिवाय नंतरचा हुकूम आधीच्यावर मात करतो, म्हणून आधी सारे करडे आणि मग सहावे स्थान तांबडे, हाच क्रम.

खरी मौज पुढे आहे. व्हॅलिनच्या चार-पाच ऑंगस्ट्रॉमच्या परिघातील अवशेष, म्हणजे साखळीतील अमिनो आम्ले, पिवळे केले, की शेजारच्या रेणूतील ८५ वे फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ वे ल्युसिन उजळतात. ह्याच खोबणीत व्हॅलिन रुतल्याने रेणूंचे लांब तंतू बनतात आणि तांबडी रक्तपेशी वाकते. मात्र प्रत्येक रेणूतील दोहोंपैकी एकच व्हॅलिन असे रुतते, आणि चारांना सारखेच तांबडे करणारे चित्र, माझ्या मते, निरपराध्यालाही आरोपी ठरवते. माउसने रंगवलेल्या चित्रात ही चूक कोठे झाली याचा दाखला उरत नाही. लेखी हुकुमांत मात्र न रुतलेल्या व्हॅलिनला फिका रंग देणारी एक ओळ वाढवली की काम भागते.