हिशेबाबाहेरची वर्षे

सात, सहा आणि आठ यांची बेरीज एकवीस होते, हे प्राथमिक शाळेतील मूलही सांगेल. निवृत्तिवेतनाच्या कायद्यांत मात्र हीच बेरीज शून्य होऊ शकते. पुण्याच्या एखाद्या कारखान्यात निवृत्तिवेतन योजनेचा सभासद म्हणून सात वर्षे काढलेला अभियंता पुढे सहा वर्षे अमेरिकेत आणि त्यानंतर आठ वर्षे ब्रिटनमध्ये नोकरी करून मायदेशी परतला, अशी कल्पना करावी. या एकवीस वर्षांत त्याच्या वृद्धापकाळाच्या नावाने वर्गणी जमा झाली नाही, असा एकही महिना गेलेला नाही. तरीही वय झाल्यावर त्याला दरमहा निवृत्तिवेतन देण्यास या तीन देशांपैकी एकही बांधलेला नसतो. भारतात १९९५ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने दहा वर्षांच्या सेवेची अट घातली. अमेरिकेत चाळीस तिमाह्यांचे श्रेय लागते, म्हणजे पुन्हा दहा वर्षेच. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीतही किमान दहा पात्र वर्षांची मर्यादा आहे. तिन्ही दारांवर एकच पाटी आणि तिन्ही ठिकाणी हा गृहस्थ थोडक्यासाठी अपात्र.

हा अभियंता काल्पनिक असला, तरी त्याची स्थिती काल्पनिक नाही. परदेशी नोकरीचा विचार आपल्याकडे पगार, व्हिसा आणि फार तर तेथील थंडी यांच्यापुढे सहसा जात नाही. दोन देशांमध्ये विभागलेल्या आयुष्याचा उतारवयातील हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न विमानतळावर निरोप देताना कोणाला सुचत नाही आणि सुचला, तरी तो अशुभ वाटून मागे टाकला जातो. वस्तुतः हा प्रश्न पहिल्या पगाराच्या दिवसापासूनच सुरू होतो.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. तेथे नोकरदाराच्या वेतनातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के रक्कम कापली जाते आणि मालक तितकीच भर घालतो. ज्या व्हिसावर आपली बहुसंख्य तंत्रज्ञ मंडळी जातात, त्या एच-१बी व्हिसाची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची असते. निवृत्तिवेतनाला दहा वर्षे आणि वास्तव्याला सहा, अशी ही व्यवस्था आहे. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला तर गोष्ट वेगळी. एरवी सहा वर्षांची वर्गणी तेथेच राहते. ती परत मागण्याची सोय तेथील कायद्यात नाही. अमेरिकेने पहिला सामाजिक सुरक्षा करार इटलीशी केला, तो १९७८ साली अमलात आला आणि त्यानंतर सुमारे तीस देशांशी असे करार झाले. भारताशी मात्र वाटाघाटी वर्षानुवर्षे चालूनही करार झालेला नाही. भारतातील भविष्यनिर्वाह निधीची व्यवस्था मुख्यत्वे संघटित क्षेत्रापुरती आहे, सर्व श्रमिकांना ती सामावून घेत नाही, असा आक्षेप यात वारंवार पुढे येतो. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु वर्गणी घेताना जो भेद आठवत नाही, तो निवृत्तिवेतन देतानाच का आठवावा, याचे उत्तर अद्याप मिळायचे आहे.

भारत सरकार या बाबतीत अगदी स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००८ च्या ऑक्टोबरात सरकारने येथे काम करणाऱ्या परदेशी नोकरदारांना भविष्यनिर्वाह निधीच्या कक्षेत आणले आणि ज्या देशांशी करार नाही, त्यांच्या नागरिकांना संपूर्ण वेतनावर वर्गणी बंधनकारक केली. करारास तयार नसलेल्यांना वाटाघाटीला बसवण्याचा हेतू त्यामागे होता, हे उघड होते. या तरतुदीच्या वैधतेवर पुढे उच्च न्यायालयांत वाद झाले, तो भाग वेगळा. दरम्यान करारांचे खाते मात्र उघडले. बेल्जियमशी झालेला करार २००९ च्या सप्टेंबरात अमलात आला. त्यानंतर स्वित्झर्लंड, डेन्मार्क, फ्रान्स, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान आणि अगदी अलीकडे, २०२४ च्या जानेवारीत, ब्राझील अशी ही यादी वाढत गेली.

करार म्हटला, की सर्व काही मिळाले, असे समजण्याचे कारण नाही. काही करार फक्त दुहेरी वर्गणीपासून सूट देतात. भारतीय कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलेल्या कर्मचाऱ्याने भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाकडून दाखला नेला, म्हणजे त्याला परदेशात पुन्हा वर्गणी भरावी लागत नाही, एवढाच त्यांचा अर्थ. जर्मनीशी झालेला पहिला करार याच स्वरूपाचा होता. दोन्ही देशांतील वर्षे एकत्र धरण्याची सोय असलेला व्यापक करार २०१७ साली अमलात आला. खरा लाभ आहे तो या वर्षांच्या बेरजेत. भारतातील आणि तेथील वर्षे जोडून पात्रता सिद्ध होते आणि मग प्रत्येक देश आपापल्या वाट्याचे निवृत्तिवेतन देतो.

याच ठिकाणी पुण्यातील जर्मन आणि जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. जपानमधून परतताना परदेशी नोकरदाराला आपल्या वर्गणीपोटी एकरकमी परतावा मागता येतो. रक्कम हातात येते, पण तो परतावा घेतला, की तेवढी वर्षे पुसली जातात आणि कराराखालील बेरजेत पुन्हा धरता येत नाहीत. आपल्याकडील योजनेतही हाच मोह आहे. दहा वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याला निवृत्तिवेतन खात्यातील रक्कम काढून घेता येते किंवा पैसे न काढता सेवेचा दाखला घेऊन ती वर्षे राखून ठेवता येतात. परदेशी निघालेला तरुण विमानाच्या तिकिटासाठी आणि तेथील घराच्या अनामत रकमेसाठी पहिला मार्ग पत्करतो. त्याला दोष कसा द्यावा? पंचविसाव्या वर्षी अठ्ठावन्नावे वर्ष फार दूर दिसते.

ब्रिटनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे वर्षे कमी पडत असतील, तर देश सोडल्यावरही ऐच्छिक वर्गणी भरून ती पुरी करण्याची मुभा होती. तीन वर्षे तेथे राहिलेला किंवा वर्गणी भरलेला मनुष्य त्यास पात्र ठरे आणि तेथे काम करून गेलेल्यांना सामान्यतः दुसऱ्या वर्गाचा अतिशय स्वस्त दर लागू होई. २०२५-२६ साली तो आठवड्याला साडेतीन पौंड होता, तर तिसऱ्या वर्गाचा दर १७.७५ पौंड. म्हणजे वर्षाकाठी सुमारे १८२ पौंडांत जे साधत होते, त्याला तिसऱ्या वर्गात ९०० पौंडांहून अधिक लागतात. २०२५ च्या नोव्हेंबरातील ब्रिटिश अर्थसंकल्पाने परदेशस्थांसाठी हा स्वस्त मार्ग ६ एप्रिल २०२६ पासून बंद करण्याचे आणि तीन वर्षांची अट दहा वर्षांवर नेण्याचे जाहीर केले. आरंभी कल्पिलेल्या अभियंत्याला आपली आठ वर्षे दहा करण्याची जी फट होती, तीही नव्या अर्जदारांपुरती याप्रमाणे बुजली.

ज्यांची वर्षे पुरी भरली आहेत, त्यांचीही सुटका नाही. ब्रिटनमध्ये आयुष्य घालवून निवृत्तीनंतर पुण्याला, जालंधरला किंवा मडगावला परतलेल्या माणसाचे निवृत्तिवेतन ज्या दराने प्रथम सुरू होते, त्याच दरावर गोठते. पूर्ण निवृत्तिवेतनाचा दर २०१६-१७ साली आठवड्याला १५५.६५ पौंड होता. २०२५-२६ साली तो २३०.२५ पौंड झाला. परंतु २०१६ साली भारतात येऊन ते घेऊ लागलेल्याच्या हातात आजही १५५.६५ पौंडच पडतात. हाच मनुष्य अमेरिकेत किंवा मॉरिशसमध्ये स्थायिक झाला असता, तर त्याला वाढ मिळाली असती. वर्गणी सारखी, वर्षे सारखी. फरक फक्त टपालाच्या पत्त्याचा. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या अॅनेट कार्सन या निवृत्त महिलेने हा भेद न्यायालयात नेला. २००५ साली ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने आणि २०१० साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्याविरुद्ध निर्णय दिला. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्याच्या जोडीने दुहेरी वर्गणी टाळण्याची जी योजना ठरली, तीही तात्पुरत्या कामासाठी पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्यांपुरती आहे. कंपन्यांचा पैसा तीत वाचतो. वर्षांची बेरीज तीत नाही आणि गोठलेले निवृत्तिवेतनही तीत वितळत नाही.

आखाती देशांत तर वर्गणीही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही. खेड, चिपळूण, दापोली भागांतून तिकडे गेलेल्या माणसाला संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना उपदान मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी एकवीस दिवसांचे मूळ वेतन, पुढील वर्षांसाठी तीस दिवसांचे. ते घराच्या स्लॅबमध्ये किंवा मुलीच्या लग्नात संपते. केंद्र सरकारने २०१२ साली अशा श्रमिकांसाठी महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना काढली. तिला प्रतिसाद इतका अल्प मिळाला, की २०१७ साली ती गुंडाळावी लागली. केरळने मात्र २००८ साली कायदा करून अनिवासी केरळीयांसाठी कल्याण मंडळ स्थापले आणि वर्गणी भरणाऱ्यांना साठीनंतर निवृत्तिवेतनाची सोय केली. कोकणातील गावांत तीन पिढ्यांपासून आखाती पैसा येत असताना महाराष्ट्राने या प्रयोगाचा अभ्यास का करू नये?

निवृत्तिवेतनाचा हात असा आखडता असल्यामुळे मायदेशातील बँकखात्याला महत्त्व येते आणि तेथेही घोळ होतोच. परदेशी नोकरीस गेलेल्याने आपले जुने बचत खाते तसेच चालू ठेवता कामा नये. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार ते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी १९७० पासून अनिवासी बाह्य खात्याची सोय आहे. तिच्यातील व्याज अनिवासीयाला भारतात करमुक्त असते आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. साधारण खात्यातील व्याजावर मात्र तीस टक्के आणि वर अधिभार असा कर आधीच कापला जातो. आधी उघडलेले सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे खाते पंधरा वर्षांची मुदत संपेपर्यंत चालवता येते. पुढे वाढवता येत नाही, नवे तर उघडताच येत नाही.

प्रत्यक्षात घरोघरी काय चालते, हे सर्वांना ठाऊक आहे. मुलगा कोऱ्या धनादेशांवर सह्या करून वडिलांच्या कपाटात ठेवून जातो. निवृत्त शिक्षक असलेले वडील आपल्या ठेवींवर मुलाचे नाव लावतात, कारण उद्या काही झाले तर धावपळ नको. या प्रेमळ व्यवस्थेचा एक परिणाम त्यांच्या ध्यानात नसतो. अमेरिकेत रहिवासी म्हणून कर भरणाऱ्याच्या परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी त्याला ती सर्व खाती तेथील सरकारला कळवावी लागतात आणि वडिलांच्या उपदानाची संयुक्त ठेवही त्यात मोजली जाते. दुसरीकडे, मुलाचा येथील मोबाइल क्रमांक बंद पडला, की बँकेचा सांकेतिक अंक कोठेच पोहोचत नाही. दोन वर्षे व्यवहार झाला नाही, तर खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर शिल्लक २०१४ साली स्थापलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होते. ती बुडत नाही, पुढेही मागता येते. पण त्यासाठी खाते होते, हे कोणाला तरी आठवावे लागते.

आता याच प्रश्नाची उलटी बाजूही दिसू लागली आहे. नातवंडांसाठी सहा-सहा महिने न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला राहणारे निवृत्त शिक्षक आणि कारकून दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या चिंतेत पडतात. आपण जिवंत आहोत, हे साता समुद्रांपलीकडून कोषागाराला पटवायचे असते. वकिलातीत जाऊन सही घेण्याचा मार्ग जुना आहे; २०१४ पासून जीवन प्रमाण या यंत्रणेतून तो दाखला संगणकावरही देता येतो आणि अलीकडे चेहरा ओळखण्याची सोय आल्याने बोटांचे ठसे झिजलेल्यांची अडचण कमी झाली आहे. पण नातवाला फोन धरायला सांगून आजोबा कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावतात, तेव्हा आधारपत्रावरील नाव आणि निवृत्तिवेतनाच्या आदेशावरील नाव यांत एका अक्षराचा फरक निघतो आणि दुरुस्तीसाठी पुन्हा गावच्याच कचेरीत अर्ज करावा लागतो.