गावाचा शब्द

मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव नकाशात पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माडांच्या बागा आणि घरे. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा किनारा खातात. बंधारा हवा, पण एवढा पैसा ग्रामपंचायत कोठून आणणार? सरकारकडेच मागावा लागतो.

ही मागणी ठरते ग्रामसभेत. १९५८ च्या कायद्यानुसार गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. १०० किंवा १५ टक्के मतदार, यांपैकी जी संख्या कमी, तेवढे हजर हवेत. नियमित सभेआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. हे योग्यच; घरात पाणी शिरले, तर चूल त्यांनाच हलवावी लागते!

सभेत जे ठरते, तो 'ठराव', उर्दूत 'करारदाद'. 'बंधारा बांधा' एवढेच लिहून भागत नाही. कोठून कोठपर्यंत? होड्यांना वाट कोठे सोडायची? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. ती ओढणाऱ्यांना मोकळी वाळू हवी. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना दगडी भिंत हवी. हा वाद सभेतच मिटवलेला बरा.

मग ठराव घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, कोणी जायचे? सरपंचाबरोबर चारदोन प्रतिनिधी, म्हणजे 'नुमाइंदे', निवडावेत. बोलका माणूस हवाच. पण ज्याच्या अंगणात लाट आली, तोही हवा. समजा, साहेब म्हणाले, "यंदा निम्माच बंधारा होईल." तर प्रतिनिधींनी लगेच मान डोलवू नये. ते उत्तर घेऊन गावात यावे आणि पुन्हा सभेला विचारावे.