मोटारीची निगा : शोरूममध्यें कीं घरीं?

पालकसभेच्या दिवशीं आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर आतां मोटारींची रांग लागते. आम्ही शिकवूं लागलों तेव्हां तेथें सायकली आणि थोड्या मोटारसायकली उभ्या असत. मोटार घेतांना हप्ता किती हें प्रत्येक जण विचारतो. पुढें तिच्या निगेस दरसाल किती लागेल, हें मात्र पहिलें बिल हातीं पडेपर्यंत पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कित्येक पालकांनीं याविषयीं आम्हांस विचारलें, म्हणून हे चार शब्द. वरच्या वर्गांतील मुलांनींही हें वाचावें. उष्णता व दाब यांचे धडे मोटारीच्या बॉनेटखालीं जितके स्पष्ट दिसतात, तितके ते फळ्यावर दिसत नाहींत.

शोरूमच्या बिलांत सुटे भाग, तेल, मजुरी आणि मजुरीवर 18 टक्के कर असतो. येथवर तक्रारीस जागा नाहीं. शिकलेला कारागीर, योग्य हत्यारें आणि अस्सल भाग यांचें मोल दिलेंच पाहिजे. शंका येते ती बिलाच्या खालच्या भागाची. इंजिनची अंतर्गत सफाई, ए.सी.चें निर्जंतुकीकरण, रंगावर संरक्षक लेप, अशीं कलमें तेथें हळूच येऊन बसतात. किती किलोमीटरांनीं काय करावें याचें कोष्टक गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेंत छापलेलें असतें. जें त्यांत नाहीं, त्याचें कारण विचारण्यास संकोच कसला? आम्हीं स्वतः पहिलीं तीन वर्षें ती पुस्तिका उघडलीही नव्हती. पुढें एकदां एका स्नेह्याच्या सांगण्यावरून, गाडी देण्यापूर्वीं एअर फिल्टरच्या कडेस पेन्सिलीनें तारीख लिहून ठेवली. गाडी परत आली. बिलांत नव्या फिल्टरची किंमत होती, आणि पेटींत आमची तारीख जशीच्या तशी! विचारतांच पैसे परत मिळाले. विश्वास मात्र गेला तो गेला.

हमीची मुदत संपलीच होती. त्या रागाच्या भरांत आम्हीं सारें घरींच करण्याचें ठरविलें.

आरंभ चांगला झाला. एअर फिल्टर बदलण्यास क्लिपा काढण्यापलीकडे कौशल्य लागत नाहीं. परभणीच्या काळ्या जमिनीची धूळ हंगामांत खेड्यांच्या वाटेवर इतकी उडते कीं, फिल्टर मुदतीच्या पुष्कळ आधीं भरतो. पुस्तिकांतही धुळीच्या मुलखासाठीं निराळी, कमी मुदत सांगितलेली असते. टायरची हवा घरीं पाहणें तर त्याहून सोपें, पण ती सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं पाहावी. पहांटे 30 अंशांवर टायरमध्यें दर चौरस इंचास 33 पौंड हवा असेल, तर मे महिन्याच्या दुपारीं टायर 60 अंशांपर्यंत तापल्यावर तीच हवा सुमारें 37 ते 38 पौंड दाखविते. ती अधिक झाली समजून पुष्कळ जण सोडून देतात, आणि रात्रीं टायर मऊ पडतो. (हें उदाहरण मुलांनीं वहींत सोडवून पाहावें, वातावरणाचा दाब मिळविण्यास विसरूं नये.)

मग आमची चूक झाली. रेडिएटरमधील कूलंट कमी होत असे, आणि आम्ही त्यांत घरच्या बोअरचें पाणी घालीत असूं. पाणी तें पाणी, असें वाटे. आमच्या भागांतील पुष्कळ बोअरचें पाणी जड असतें. तें तापलें कीं त्यांतील क्षारांचा थर बसतो. पाणी तापविण्याच्या भांड्यांत जी पांढरी खपली धरते, तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरते. शिवाय कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें व गंज रोखतें, हें आम्ही वर्गांत शिकवीत होतों आणि अंगणांत विसरत होतों. दोन उन्हाळे निभावले. तिसऱ्या उन्हाळ्यांत पाथरीस जातांना, मानवतच्या अलीकडे, कांटा लाल रेघेवर गेला आणि वाफ निघूं लागली. मंडळी व मुलगा लिंबाच्या सावलींत उभे राहिले. आम्ही फडकें घेऊन रेडिएटरचें टोपण फिरविणार, तोंच मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानें धांवत येऊन आमचें मनगट धरलें. "सर, हात लावूं नका, तोंड भाजेल!" आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर गेलें तरी उकळत नाहीं, टोपण निघतांच दाब उतरतो आणि तें एकदम वाफ होऊन उसळतें. त्या गृहस्थाचें शिक्षण किती होतें, तें आम्हीं विचारलें नाहीं.

इंजिनच्या डोक्याचें गॅस्केट जळालें होतें. कूलंटच्या डब्याचे कांहीं शें रुपये वांचविण्यापायीं वीस हजारांवर खर्च झाला.

ही हकीगत वर्गांत सांगितली तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, एस.टी. आपल्या गाड्या आपणच दुरुस्त करते, तर आपण कां करूं नयेत?" प्रश्न मार्मिक होता. 1932 सालीं निजामाच्या रेल्वेनें 27 मोटारींनिशीं प्रवासी वाहतूक सुरू केली. तेव्हां आपला जिल्हा त्याच राज्यांत होता. महाराष्ट्राची एस.टी. 1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर निघाली, आणि आज दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथें तिचे मोठे कारखाने आहेत. परंतु तेथें एकाच जातीच्या हजारों गाड्या येतात. एका गाडींत झालेली चूक तेथें दुसऱ्या गाडीस धडा होते. आमच्या अंगणांत एकच गाडी आहे, आणि तींत बसणारीं माणसें आमचींच आहेत.

म्हणून आतां आम्ही काम हातीं घेण्यापूर्वीं पाहतों कीं, चूक झाली तर ती कोठें कळेल. वायपर चुकीचा बसला तर अंगणांतच दिसतो. ब्रेक चुकीचा बसला तर तो उतारावर कळतो. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग आणि विजेच्या गाडींतील नारिंगी वेष्टणाच्या तारा यांस आम्ही हात लावीत नाहीं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कोणींच शिरूं नये.

शोरूम आणि अंगण यांच्यामध्यें गांवचा मिस्त्री आहे, हें विसरतां कामा नये. त्याच्याकडे गाडी दिली तर हमी रद्द होते अशी समजूत आहे. भारतीय स्पर्धा आयोगानें 25 ऑगस्ट 2014 रोजीं 14 मोटार कंपन्यांस मिळून 2,544 कोटी रुपयांवर दंड केला, तो सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस मिळूं न दिल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करूं नये. बाहेरच्या सदोष कामानें जेवढें नुकसान झालें तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेंही आयोगानें बजाविलें. अपिलें झालीं, 2016 सालीं कांहीं कंपन्यांचा दंड कमी झाला, ठपका मात्र राहिला. तरीही मुदत चालू असेतोंवर शोरूमची नोंद ठेवणेंच आम्हांस सोईचें वाटतें. वाद जिंकण्यापेक्षां तो न उद्भवणें स्वस्त पडतें.

जे घरीं इंजिनचें तेल बदलतात त्यांना एक विनंती. तें काळें तेल गटारांत किंवा बांधावर ओतूं नये. तें पाण्यांत गेलें म्हणजे विहिरीही नासतात. घट्ट झांकणाच्या डब्यांत भरून, जें गॅरेज जुनें तेल पुनर्प्रक्रियेस पाठवितें तेथें तें नेऊन द्यावें.