बैठक

सातपाटीच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांपाशी बोंबील वाळवणाऱ्या स्त्रिया ज्या प्रकारे उकिडव्या बसतात, ती बैठक योगवर्गात मालासन म्हणून शिकवली जाते आणि खुर्चीला सरावलेल्या शहरी साधकाला ती सहजासहजी जमत नाही. येथे मात्र टोपली पुढ्यात ओढली की ती घडून जाते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी मांडवावर टांगायची आणि पुन्हा टोपलीत हात घालायचा, एवढाच हा क्रम. ओळीच्या टोकाला बसलेल्या एका वयस्क स्त्रीची नजर शेजारणीशी बोलतानाही हातावरून हलत नाही. या कष्टाला साधना म्हणणे हा बाहेरून येणाऱ्याचा लाडिकपणा होईल, कारण त्यामागे पोट आहे, मासळीचा भाव आहे आणि कपड्यांतून लवकर न जाणारा उग्र वास आहे. परंतु स्वतःच्या शोधासाठी योग, नृत्य आणि आत्मविचार यांच्याकडे वळणाऱ्याला त्या नजरेशी पुन्हा पुन्हा यावे लागते.

भरतनाट्यम्‌ची सुरुवात अरमंडीने, म्हणजे पाठ ताठ ठेवून गुडघे बाहेरच्या दिशेने वाकवलेल्या अर्ध्या बैठकीने होते, आणि पदन्यास व हस्त यांचा मूळ घटक असलेला अडवू बहुधा त्याच बैठकीत तीन काळांत, म्हणजे एकपट, दुप्पट व चौपट गतीने घोटला जातो. हाताच्या मागे दृष्टी, दृष्टीच्या मागे मन आणि मनाच्या मागे भाव यावा, ही नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’तील अपेक्षा पुढची; आधी मांड्या भरून येतात. ही कला मराठी माणसाला परकी वाटत असली, तरी तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या नावावर मराठी ‘निरूपणे’, म्हणजे एकाच कथासूत्रात गुंफलेल्या नृत्यरचना आहेत. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी हा तंजावरी वारसा पुढे अभ्यासला.

योगाच्या बाबतीत सातपाटीच्या याच किनाऱ्याची दक्षिणेकडची बाजू आठवते. 1918 मध्ये श्रीयोगेंद्र यांनी वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, ती संन्याशांसाठी नव्हे, तर घरसंसार करणाऱ्यांसाठी.

त्याच 1918 साली मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले मारुती शिवरामपंत कांबळी पोटापाण्यासाठी मुंबईत आले. पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखल्या गेलेल्या या गृहस्थाचा व्यवसाय बिड्यांचा होता. इंचगिरी संप्रदायातील सिद्धरामेश्वर महाराजांची 1933 मध्ये भेट झाल्यावर, ‘मी अमुक आहे’ यातील ‘अमुक’ सोडून केवळ ‘मी आहे’ या जाणिवेवर लक्ष ठेवावे, एवढीच साधना त्यांना मिळाली. आत्मविचार म्हणतात तो हाच. त्यांच्या सांगण्यानुसार ही साधना फळाला यायला त्यांना तीन वर्षे लागली. तीन वर्षे हा आकडा साधकांना फार आवडतो, आणि शिबिरांच्या जाहिराती तर तो आठवड्यावर आणतात. पण ती तीन वर्षे दुकानात गेली, तंबाखूच्या वासात, सुट्टे पैसे मोजता मोजता, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. वास्तविक त्या तीन वर्षांचे सारे मोल तिथेच आहे.

संसार सोडून पाहण्याचा मोह त्यांनाही झाला. 1936 मध्ये गुरूंचे निधन झाल्यावर ते 1937 मध्ये घर सोडून भटकंतीस निघाले. वाटेत एका गुरुबंधूने समजावल्यावर 1938 मध्ये परतले, तेव्हा पूर्वीच्या अनेक दुकानांपैकी एकच उरले होते आणि कुटुंबाला ते पुरेसे होते. पुढे त्यांच्या संवादांचे ‘आय ॲम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक 1973 मध्ये निघाले आणि परदेशी जिज्ञासू खेतवाडीतील घराच्या लहानशा माळ्यावर येऊन बसू लागले. महाराज बिडी ओढत त्यांच्याशी मराठीतून बोलत आणि शेजारी बसलेला दुभाषी ते इंग्रजीत सांगत असे.