कलदार रुपयाची पारख

हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाका लागतो. निजामी राजवटीत हिंगोलीकडे हाली रुपया चाले, तर वाशीमकडे, म्हणजे वऱ्हाडात, इंग्रजी 'कलदार'. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, कारण हालीत चांदी कमी.

कलदाराचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, वजन मात्र तेवढेच! नाण्यावर साल असते. पण साल खोटे छापता येते, घनता खोटी करणे अवघड. नाणे आधी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. हवेतल्या वजनाला आलेल्या घटीने भागा. जुन्या कलदाराला उत्तर सुमारे १०.३ येईल, निम्म्या चांदीच्याला साडेनऊच्या आसपास. तराजू मात्र प्रयोगशाळेतलाच घ्या. घटीतला फरक एक दशांश ग्रॅमहूनही कमी असतो.

आणि नाणे चिंचेने घासू नका. काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा असतो. घासताना त्याखालची अक्षरेही झिजतात.