नवं मशीन घेताय? मग जुन्या माणसाचं काय करणार?



मागच्या महिन्यात इचलकरंजीहून एका तरुणाचा फोन आला. वडिलांचे साधे यंत्रमाग काढून रॅपियर माग घ्यायचे होते. कोटेशन हातात, बँकेशी बोलणं झालेलं. शेवटी जरा थांबून म्हणाला, "सर, आमच्याकडे कांड्या भरणारे एक काका आहेत. वडिलांच्या वेळेपासूनचे. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये त्यांचं काय दाखवू?"

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही.

काम कमी होत नाही, संपतं

साध्या मागावर आडवा धागा धोट्यातून जातो आणि धोट्यात कांडी असते. ती सारखी संपते, म्हणून सारखी भरणारा माणूस लागतो. रॅपियर माग मात्र धागा थेट कोनवरून ओढतो. धोटा गेला, कांडी गेली, काकांचं कामही गेलं. यात काकांची चूक नाही आणि त्या तरुणाचीही नाही. जुन्या मागावर आजच्या बाजारात टिकणं अवघड आहे.

मदत आहे, पण कुणाला?

वस्त्रोद्योगात नवीन यंत्रं यावीत म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली टफ योजना आणली. ती मदत मशीनसाठी होती. आता माणसासाठी काय आहे ते बघू.

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. शिक्षणाप्रमाणे महिना ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन. चांगली योजना आहे, पण वयाची अट १८ ते ३५. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये मिळतात. पण त्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत यंत्रमाग कामगार बसत नाही. कौशल्य विकास योजनेत हातात असलेल्या कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं. पण जे काम उद्या राहणारच नाही, त्याचं प्रमाणपत्र घेऊन काका करणार काय?

सिंगापूरने २०१५ मध्ये स्किल्सफ्युचर सुरू केलं आणि २५ आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येक नागरिकाला शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरचं क्रेडिट दिलं. २०२४ मध्ये ४० आणि त्यापुढच्या वयासाठी आणखी ४,००० डॉलरची भर घातली. आपल्याकडे ज्या वयात दार बंद होतं, त्याच्या थोडं पुढे तिथे नवीन दार उघडतं. त्यांचा देश छोटा आणि श्रीमंत, हे मान्य. पण विचार घ्यायला पैसे लागत नाहीत.

तुमच्या हातात काय आहे?

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. मशीनची ऑर्डर मात्र तुम्ही या महिन्यात देणार आहात. म्हणून ही चार कामं करा.

१. ऑर्डर देतानाच, तुमच्या दोन माणसांना शिकवून देण्याची अट कागदावर लिहून घ्या. एकदा पैसे गेले की तुमचा जोर संपला.

२. मशीन बसवायला इंजिनिअर येतो, तेव्हा जुन्या माणसाला पहिल्या दिवसापासून त्याच्या शेजारी उभं करा. चहा आणायला पाठवू नका.

३. शिकण्याच्या काळातला पगार खेळत्या भांडवलात धरा. रोजंदारी बुडवून कोणीही शिकत नाही, कारण घरी संध्याकाळी चूल पेटवायची असते.

४. त्याला काय येतं याची यादी करा. काकांना सूत बोटाने कळतं, गाठ अचूक मारता येते, खराब कोन लांबून ओळखता येतो. कापड तपासणीला, कोन लावायला असाच माणूस लागतो. नवखा ऑपरेटर मशीन चालवेल, पण सूत ओळखायला त्याला वर्षं लागतील.

सरकारकडे मागायचं काय?

तुमच्या असोसिएशनच्या बैठकीत मशीनच्या सबसिडीची मागणी होतेच. तिच्याबरोबर आणखी तीन मागण्या मांडा. मशीनच्या अनुदानातच कामगाराच्या प्रशिक्षणाचा वाटा असावा. शिकण्याच्या तासांचा पगार काही अंशी सरकारने द्यावा, आणि त्याला वयाची अट नसावी. आणि योजनेचं यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवर मोजू नये, सहा महिन्यांनी तो माणूस कामावर आहे का, हे बघावं.

त्या तरुणाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हटलं, "काकांना खर्चाच्या रकान्यात टाकू नकोस. कौशल्य असलेला कामगार म्हणून दाखव, आणि तीन महिन्यांचा शिकण्याचा पगार वेगळा धर."

तो म्हणाला, "बँक विचारेल ना, सर, हे कशाला म्हणून."

विचारू दे. उत्तर तुमच्याकडे तयार असलं पाहिजे, एवढंच.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत आपल्या कारखान्यात, दुकानात एक चक्कर मारा आणि बघा, तुमचे 'काका' कोण आहेत.