गुडघ्यातले बारा महिने

अमेरिकेच्या सैन्यात भरती होणाऱ्यांसाठी वैद्यकीय निकषांची एक नियमावली आहे. तिच्यात गुडघ्याबद्दल एक कलम आहे, अगदी कोरड्या सरकारी भाषेतलं. त्याचा आशय असा: तुटलेलं लिगामेंट शस्त्रक्रियेनं नव्यानं बसवलं असेल, तर त्या शस्त्रक्रियेला बारा महिने होऊन गेलेले हवेत. गुडघ्याची तक्रार नको, तो सटकता कामा नये, आणि त्या पायाची मांडी किंवा पोटरी दुसऱ्या पायाहून बारीक झालेली नको.

बाराच महिने का? टाके तर पंधरा दिवसांत निघतात. दोन-अडीच महिन्यांत माणूस जिने चढतो, बाइक चालवतो, मित्रांना सांगतो की आता काही त्रास नाही. मग उरलेले नऊ-दहा महिने कशासाठी? वाटेल, कुणीतरी सोयीचा आकडा टाकून दिला असेल. पण त्या वर्षभरात गुडघ्याच्या आत काय चालतं ते कळलं, की हाच आकडा वेगळा दिसायला लागतो. तिथे मेलेलं ऊतक पुन्हा जिवंत होत असतं!

आधी तुटतं काय, ते पाहू. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये, गुडघ्याच्या अगदी गाभ्यात, दोन लिगामेंटं एकमेकांना फुलीसारखी छेदून जातात. त्यांतलं पुढचं म्हणजे अँटिरिअर क्रूशिएट लिगामेंट, खेळाडूंच्या तोंडचं 'एसीएल'. लांबी जेमतेम 3 सेंटिमीटर, जाडी साधारण 1 सेंटिमीटर. नडगी पुढे निसटू द्यायची नाही आणि वळताना भलतीकडे पिळू द्यायची नाही, ही त्याची कामगिरी. तरुण माणसांची एसीएल प्रयोगशाळेत ताणून पाहिली, तेव्हा ती तुटायला 2,000 न्यूटनहून जास्त जोर लागला. म्हणजे दोनशे किलोंहून अधिक वजन टांगल्यासारखं. एवढंसं ऊतक, आणि एवढी ताकद!

आणि हेच लिगामेंट कबड्डीच्या मॅटवर कुणाचा हातही न लागता तुटतं. चढाईपटू कोपऱ्यातल्या बचावपटूला हुलकावणी देतो, मध्यरेषेकडे परत फिरायला पाय रोवतो, गुडघा आत वळतो आणि आतून 'टक्' असा आवाज येतो. कित्येकांना तो स्वतःच्या कानांनी ऐकू येतो. हँडबॉल आणि बास्केटबॉलच्या सामन्यांतले असे क्षण संशोधकांनी व्हिडिओवर चौकट-चौकट थांबवून पाहिले. पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे 40 मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेलं असतं. पापणी लवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. 'सांभाळ' हा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचून त्यांनी जोर धरेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

बरं, तुटलं तर तुटलं, ते आपोआप सांधत का नाही? मोडलेलं हाड जुळतं, कापलेली कातडी भरून येते. गुडघ्याच्याच आतल्या कडेचं लिगामेंट फाटलं, तर पट्टा बांधून आणि थोडा धीर धरून ते बहुतेकदा बरं होतं. मग त्याच सांध्यातलं एसीएल का नाही? कारण त्याची जागा. जखम भरायची तर आधी रक्ताची गुठळी धरावी लागते. त्या गुठळीचा आधार घेऊनच नव्या पेशी एका काठावरून दुसऱ्या काठावर जातात. सांध्याच्या आत वंगणाचं द्रव असतं आणि तिथे ही गुठळी टिकतच नाही, ती विरून जाते. तुटलेल्या दोन्ही टोकांत सांधायची धडपड असते, पण मधे पाऊल टेकवायला जागा नसते. ज्या द्रवामुळे गुडघा वर्षानुवर्षं न कुरकुरता चालतो, तेच द्रव त्याच्या मधल्या लिगामेंटच्या आड येतं. किती विलक्षण अडचण आहे ही!

शल्यविशारदांनी अर्थातच हार मानली नाही. 1895 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात आर्थर मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यातली ही लिगामेंटं शिवली. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1917 मध्ये, ब्रिस्टलचे अर्नेस्ट हे ग्रोव्हज यांनी वेगळी वाट धरली. तुटलेलं शिवत न बसता त्यांनी रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूची चिवट पट्टी घेऊन सांध्यातून ओवली. आजची शस्त्रक्रिया याच कल्पनेवर उभी आहे. फक्त तेव्हा गुडघा सताड उघडावा लागे.

आज हे काम दुर्बिणीतून होतं. त्या दुर्बिणीची गोष्ट जपानमधली आहे, आणि ती आपल्याकडे चटकन पटेल. टोकियोचे केंजी ताकागी क्षयानं गुडघे आखडलेले रुग्ण पाहत होते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या, जमिनीवर बसूनच पाहुण्यांशी बोलणाऱ्या समाजात न वाकणारा गुडघा माणसाला घरातच परका करतो. आजार वेळेत ओळखता यावा म्हणून 1918 मध्ये त्यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे ती इतकी सुधारली, की 1962 मध्ये दुर्बिणीतून पाहत त्यांनी गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. खाली बसता यावं या साध्या गरजेतून निघालेली ही वाट आज जगभरच्या खेळाडूंना मैदानावर परत नेते.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ जाऊ. नवं लिगामेंट आणायचं कुठून? बऱ्याचदा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंची कंडरा काढतात. लांब, सडपातळ, पांढरीशुभ्र. तिच्या घड्या घालून ती चौपदरी करतात. दोन्ही हाडांत बोगदे पाडतात, त्यांतून ती ओवतात, वर धातूचं इवलंसं बटण अडकवतात, खाली स्क्रू पिळतात आणि ताण देऊन बसवतात. यातली एक गोष्ट तर ऐकूनच थक्क व्हायला होतं: जिथून कंडरा काढली, त्या रिकाम्या जागी बहुतेकांच्या बाबतीत कंडरेसारखं ऊतक पुन्हा उगवतं. स्नायूपासून निघून खाली नडगीच्या दिशेनं ते आपली वाट स्वतः शोधतं. एमआरआयमध्ये ते दिसतं.

पण खरी नवलाई सांध्याच्या आत आहे. बसवलेली कंडरा पहिल्या दिवशी भक्कम असते, चौपदरी असल्यामुळे मूळ एसीएलपेक्षाही जास्त जोर सोसेल अशी. मात्र तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यातल्या पेशी मरतात. होय, मरतात! शरीरानं जपून ठेवलेलं असतं ते फक्त कोलॅजनचं रिकामं बांधकाम. पेठेतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. बिऱ्हाडं निघून गेली, दिवे विझले, पण खांब-तुळया जागच्या जागी. मग हळूहळू नवी माणसं आत शिरतात, पाण्याच्या लाइनी टाकतात आणि वाडा उभा असतानाच एकेक तुळई काढून तिथे नवी बसवू लागतात. रुग्णाच्या शरीरातून नव्या पेशी अशाच त्या कंडरेत राहायला येतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू कातरले जातात आणि नवे विणले जातात.

मग वाडा सगळ्यांत कच्चा कधी असतो? जुन्या तुळया निघाल्या आणि नव्या अजून बसल्या नाहीत, तेव्हा. गुडघ्यात हा काळ साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याचा. आणि नेमका याच सुमारास सूज ओसरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, पोरगा म्हणतो, मी आता पळू का? भरतीच्या अकॅडमीत शिकवणाऱ्या प्रत्येकानं ही एक गोष्ट मनावर कोरून घ्यावी असं मला कळकळीनं वाटतं. दुखत नाही म्हणजे तयार झालं, हे समीकरण इथे पूर्ण उलटं पडतं.

1986 मध्ये अमेरिकेत डेव्हिड अमील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या गुडघ्यांत एसीएलच्या जागी कंडरा बसवून महिनोन्‌महिने तिच्यावर नजर ठेवली. तिचे तंतू, तिच्या पेशी, तिचं रसायन हळूहळू कंडरेचं राहिलं नाही. ते लिगामेंटच्या जवळ जाऊ लागलं. स्नायूला हाडाशी बांधणारं ऊतक, हाडाला हाडाशी बांधायचं काम अंगावर पडल्यावर आपली जातच बदलू लागलं! माणसांत ही उलथापालथ आणखी सावकाश होते, वर्षभर आणि त्याहून पुढेही चालू राहते. मूळ एसीएलची हुबेहूब नक्कल शेवटपर्यंत होत नाही, पण कामाला येईल इतकं साम्य येतं. नियमावलीतले बारा महिने या घड्याळाशी जुळतात.

आणि ती मांडीची जाडी? डॉक्टर टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजतात. वाटेल, यात काय कळणार. पण इथे आणखी एक अद्भुत यंत्रणा दडली आहे. निरोगी माणसाच्या गुडघ्यात फक्त 20 ते 30 मिलिलिटर सलाइन टोचलं, तर मांडीच्या पुढच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडतो. ना जखम, ना दुखापत, केवळ थोडं पाणी! सांध्यातला दाब वाढल्याची वर्दी मज्जारज्जूकडे जाते आणि तिथून स्नायूला जाणारा हुकूमच मंद होतो. शरीर आपल्या परीनं गुडघा वाचवत असतं. शस्त्रक्रियेनंतर हा दाबलेला आवाज महिनोन्‌महिने पूर्ण सुटत नाही, आणि स्नायू वाळत जातो. टेपवरचा दीड-दोन सेंटिमीटरचा फरक सांगतो, की मज्जासंस्थेचा अजून त्या गुडघ्यावर विश्वास बसलेला नाही.

विश्वासाची गोष्ट मेंदूपर्यंत जाते. मूळ एसीएलमध्ये ताण ओळखणारी मज्जाटोकं असतात. पाय किती वाकलाय, किती वळलाय, हे डोळे मिटूनही कळतं, त्यात त्यांचा वाटा असतो. लिगामेंट तुटलं की ही खबर देणारी टोकंही जातात. शस्त्रक्रियेनंतर गुडघा हलवताना मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा दृष्टीशी संबंधित भाग जास्त काम करताना आढळला. गुडघ्याकडून येणारी खबर कमी पडली, म्हणून मेंदू डोळ्यांवर भिस्त ठेवू लागतो!

आता आपल्या लष्कराच्या अग्निवीर भरतीचं मैदान आठवा. 1.6 किलोमीटरची धाव, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण गुण. 9 फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा. नागमोडी तुळईवरून तोल सावरत जायचं. खड्ड्यापलीकडे पाय टेकतो, तो क्षण एसीएलचा. तुळईवर घेतली जाते ती मज्जाटोकांची परीक्षा. धावेच्या शेवटच्या फेरीत मांडीचा तो दबलेला स्नायू कसाला लागतो. मैदान आखणाऱ्यांच्या मनात हे शरीरशास्त्र असेल-नसेल, पण गुडघ्याचा कोपरान्‌कोपरा तिथे तपासला जातो.

मात्र अमेरिकेतला बारा महिन्यांचा हिशेब आपल्याकडे चालत नाही. भारतीय नौदलानं प्रसिद्ध केलेल्या निकषांत स्वच्छ लिहिलंय: गुडघ्याचं लिगामेंट सैल चालणार नाही, आणि एसीएलची शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अनफिट. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांत भरती हे पोराचं लहानपणापासूनचं स्वप्न असतं, तिथे ही ओळ काळजाला लागते, आणि मला ती सोपी करून सांगायची नाही. तिच्यामागे कारण आहे. पंचविशीच्या आतले जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर पुन्हा खेळाकडे वळतात, त्यांच्यातल्या जवळपास चारांतल्या एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, त्याच गुडघ्यातलं किंवा दुसऱ्यातलं. खांद्यावर ओझं घेऊन डोंगर उतरणाऱ्या जवानाच्या बाबतीत ही जोखीम त्याच्या एकट्याची राहत नाही. सेवेत असताना गुडघा गेला, तर गोष्ट निराळी: तिथे उपचार होतात, मेडिकल कॅटेगरी खाली येते, सुधारणा पाहून पुन्हा तपासली जाते. दुखापत लपवून मेडिकलला जाण्यात मात्र काही अर्थ नाही. हाडांतले बोगदे आणि धातूचं बटण एक्स-रेमध्ये लख्ख दिसतं. ज्या दलात जायचं, त्याचे ताजे निकष आधी वाचावेत, वर्ष घालवण्यापूर्वी.

थांबण्याची किंमत किती, याचं उत्तरही खेळाडूंकडून मिळालंय. 2016 मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं, तितकं दरमहा पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलं. नुसतं थांबल्यानं! अर्थात तो काळ व्यायामात गेला तर. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात, आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के भरली, की फिजिओ पुढच्या टप्प्याला हो म्हणतात.

आणि ज्यांचा गुडघा अजून शाबूत आहे? 40 मिलिसेकंदांत मेंदू काही करू शकत नाही, हे खरं. पण मेंदू त्याआधीच काम सुरू करतो. उडी हवेत असतानाच, पाय टेकण्यापूर्वी, तो मांडीचे पुढचे-मागचे स्नायू आवळून ठेवतो. हा अंदाज सरावानं सुधारतो. वाकलेल्या गुडघ्यांवर उतरणं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणं, एका पायावर तोल धरणं, मागच्या मांडीला ताकद देणं: खेळाआधी पंधरा-वीस मिनिटांचा असा सराव नेमानं करणाऱ्या संघांवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास कमी झालेल्या आढळल्या. त्याला ना मशीन लागतं, ना जिम. तालमीसमोरची मोकळी जागा पुरते, आणि उतरताना गुडघा आत वळतोय का, हे समोर उभं राहून पाहणारा एक जण.